कोळी पडलेला मका

आसाराम काकांनी माझ्या मक्याचे खालचे पान उलटे केले आणि ते माझ्या डोळ्यांसमोर धरले. पानाच्या पोटाशी, मधल्या शिरेच्या कडेने, बारीक जाळी विणलेली होती. तिच्यात तांबूस ठिपके हळूहळू सरकत होते.

"हे काय हाये, भानुदास?"

"कोळी," मी म्हणालो.

"अन् काहून पडला?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या गटातील प्रत्येकास ठाऊक होते आणि ते सर्वांत अधिक वेळा मोठ्याने वाचून दाखविणारा मीच होतो. म्हणून मी गप्प राहिलो. माझ्या मागे उभा असलेला कडुबा सपकाळ मात्र गप्प राहणाऱ्यांपैकी नव्हता.

"सांगा ना गुरुजी! तुमीच तर वाचलं व्हतं. जोरकस औषध मारलं का अळी मरते, पर तिच्यासंगं ढालकिडाबी मरतो, अन् मंग कोळ्याला खाणारं कुणी उरत नाही. कोळी मातून जातो. आमी अडाणी, आमाला पाठ झालं. तुमीच इसरले का?"

दोघे-तिघे हसले. माझा थोरला भाऊ शिवराम, ज्यास मी दादा म्हणतो, तो आमच्या दोघांच्या वावरांमधील बांधावर उभा होता. तो हसला नाही. त्या क्षणी मला त्याचा फार आधार वाटला.

"दादाच्या मक्याला बघा," कडुबा पुढे म्हणाला. "बांधाच्या अलीकडं कोळी, पलीकडं पान हिरवंगार. कोळ्याला काय बांध कळतो व्हय?"

आसाराम काकांनी ते पान खुडले आणि टोपीत ठेवले. "संध्याकाळी खंडोबाच्या ओट्यावर या सगळे," एवढेच बोलून ते पुढच्या वावराकडे वळले. मी मागोमाग निघालो, तेव्हा त्यांनी मान न वळविताच सांगितले, "तू थांब."

वाचकांस येथे थोडी मागची हकिकत सांगणे अवश्य आहे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या भागात लष्करी अळी नव्याने आली होती. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ती भुशासारखी घाण करून बसे आणि सकाळी पाहावे तर पानांची चाळणी झालेली असे. सर्वांनी भयभीत होऊन हाती लागेल ते औषध मारले. कोणी दोन औषधे एका पंपात कालवली, कोणी तीन. अळी थोडी मेली, बहुतेक पोंग्यात सुखरूप राहिली, आणि वरून लाल कोळी असा माजला की हिरवा मका भाजल्यासारखा तपकिरी झाला. मुरघासासाठी, म्हणजे मुरवून ठेवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, आमचा मका नेणाऱ्या डेअरीने एकही गाडी उचलली नाही. असला चारा गाईंना घालून दूध कोणास पाजणार, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते.

पुढच्या वर्षी कृषी सहायक वाकळे मॅडम स्वतः आमच्या वस्तीवर आल्या आणि मका लावणाऱ्या आम्हां सर्वांचा एक गट केला. त्यांनी नियम समजावून दिले. अळी दिसली म्हणून लगेच पंप उचलायचा नाही. आधी झाडे मोजायची. शंभरांत दहाहून अधिक झाडांच्या पोंग्यात ताजी अळी असेल, तरच फवारणी. तीही सगळ्यांनी एकाच दिवशी, एकच औषध, पंपाचे तोंड पोंग्यात धरून, वारा पडल्यावर. ज्या औषधाने ढालकिडे आणि इतर मित्रकीटक मरतात ते आणायचेच नाही. फवारलेल्या वावराच्या बांधावर लाल फडके लावायचे आणि ते काढेपर्यंत तेथील काडीही जनावरास घालायची नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेला. दर सोमवारी सगळा गट एकेकाचे वावर पाहत फिरे; त्या फेरीत मॅडमने दिलेले पत्रक मी वाचून दाखवीत असे. त्यावरून कडुबाने मला 'गुरुजी' केले. तथापि नियम नुसते वाचून पाळले जात नाहीत, हे गटाचे प्रमुख आसाराम काका जाणून होते. त्यांनी गटातील प्रत्येकास खंडोबाच्या ओट्यावर बेल-भंडारा उचलावयास लावला. आमच्याकडे हातात बेल आणि हळदीचा भंडारा घेऊन बोललेला शब्द कोणी मोडीत नाही. मोडणाऱ्याच्या घरात देव राहत नाही, अशी श्रद्धा आहे. सर्वांत आधी दादाने भंडारा उचलला. "मह्या वावरात गटाला इचारल्याबिगर औषधाचा थेंब पडणार नाही," असे तो खणखणीत म्हणाला. त्याच्या पाठोपाठ मी तेच शब्द म्हणालो.

दादाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. वडील गेले तेव्हा मी लहान होतो. दादाने स्वतःची शाळा सोडली आणि मला शाळेत धाडले. माझे लग्न त्याने केले, वाटणी झाली तेव्हा विहिरीजवळचा तुकडा त्याने मला दिला. त्याने बस म्हटले की मी बसलो, ऊठ म्हटले की उठलो. यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

त्या उन्हाळ्यात मका गुडघ्याच्या वर आला असताना माझे सासरे आजारी पडले. मी आणि माझी पत्नी गिरजा काही दिवस तिकडे गेलो. निघताना मी दादास म्हणालो, "वावरात अळी हाये, पर मोजली तर कमी भरते. सोमवारी फेरीत पुन्हा मोजून घे."

"तू जा निवांत," दादा म्हणाला. "तुह्या वावराकडं मी पाहतो. पाणीबी देतो."

परतलो तेव्हा मक्यास पाणी दिलेले होते आणि पोंग्यांत अळी नावालाही नव्हती. बांधावर लाल फडके नव्हते. फेरीतील लोक म्हणाले, पक्ष्यांनी खाल्ली असेल. मी मनोमन दादाचे आभार मानले. त्यानंतर ऊन वाढत गेले, आणि तीन आठवड्यांनी माझ्या पानांच्या पोटाशी ती जाळी दिसू लागली.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर जमलो. आसाराम काकांनी टोपीतील पान काढून मध्ये ठेवले. ते सुकून वळले होते.

"बोल भानुदास. कवा मारलं?"

"मी मारलं नाही, काका. ऊन कडक हाये. पत्रकात लिहिलंय, कोरड्या उन्हानं आणि रस्त्याच्या धुळीनंबी कोळी पडतो."

"ऊन काय तुह्या एकट्याच्या वावरात पडतं?" कडुबा म्हणाला. "अन् धूळ म्हणशील तर रस्त्याच्या कडंला वावर मपलं हाये. मह्या पानाला हात लावून बघ."

"मी सासरी गेलो व्हतो. मी इथं नव्हतोच."

"जायच्या आधी मारून गेला असशील. अळी कशी एकाएकी गेली मंग? आमच्यात व्हती, तुह्यातच नव्हती."

"असं काही असतं तर मीच फडकं लावलं असतं. नियम मी वाचतो अन् मीच मोडीन का?"

"वाचणाराच मोडतो," कडुबा म्हणाला. "त्याला समद्या पळवाटा ठाव असत्यात."

तेव्हा आसाराम काकांनी हात वर केला. त्यांनी देवापुढील भंडाऱ्याचे ताट ओढून माझ्यासमोर ठेवले, त्यावर बेलाचे पान ठेवले.

"एवढ्या बोलण्याची गरज नाही. उचल भंडारा. म्हण, मी मारलं नाही, दुसऱ्याकडून मारून घेतलं नाही. कुणी पुन्हा तोंड उघडणार नाही. हा महा शब्द हाये."

माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मी खरा होतो, मला कशाचे भय? मी मांडी मोडून पुढे सरकलो आणि हात ताटाकडे नेला. इतक्यात माझे मनगट कोणी घट्ट पकडले.

तो दादा होता.

"नको, भान्या."

"काहून?"

"तू लेकराबाळाचा बाप हायेस. देवाच्या ताटाशी असा खेळ करू नको."

"पर दादा, मी काही केलंच नाही."

"मी म्हणतो ना, नको." त्याचा आवाज बारीक झाला होता आणि डोळ्यांत पाणी उभे होते. "झालं असंल तर झालं. माणूस चुकतो. काका, महा लहाना भाऊ हाये. जो दंड करायचा तो करा, पर त्याला भंडारा उचलाया लावू नका. त्याच्या घरावर काही आलं तर मला सोसायचं नाही."

त्या माणसाने मला वाढविले होते. मला वाटले, त्यास माझ्या मुलांची भीती वाटते आहे. मला वाटले, एवढ्या माणसांदेखत त्याच्या हातातून मनगट हिसकणे बरे नव्हे. मी हात मागे घेतला.

कडुबानेसुद्धा थट्टा केली नाही. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अद्याप विसरलो नाही; तीत प्रथमच दया होती. मी भंडारा उचलला नाही, म्हणजे मी कबूल केले, असे सर्वांनी धरले. माझा मका गटाच्या मालातून वगळावा आणि मी सोमवारच्या फेरीस येऊ नये, असे ठरले. दादाने मला खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत आणले.

गिरजाने सगळे ऐकले आणि ती चुलीपुढे बसून राहिली. "तुमी उचलायला पायजे व्हता," ती म्हणाली.

"दादा नको म्हणाला."

"भाऊजींचं चुकलं. पर तुमचं नाव गेलं त्याचं काय?"

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका तिला पाहून बोलणे बदलीत. किराणा दुकानात मला कोणी 'गुरुजी' म्हणेनासे झाले; ती थट्टा बंद झाल्याचे मला जेवढे दुःख झाले तेवढे डेअरीची गाडी माझ्या वावरावरून तशीच पुढे गेल्याचे झाले नाही. पत्रक मी घडी घालून कोनाड्यात ठेवून दिले.

दहा-बारा दिवसांनी गिरजा म्हणाली, "उभा मका वाळून चालला. डेअरी नेत नाही तर आपली जनावरं तरी खातील. म्हशीला दुसरं काय घालायचं?"

तिचे म्हणणे योग्य होते. माझ्या मते त्या मक्यावर औषधाचा एकही थेंब पडलेला नव्हता. कोळी पडलेली खालची पाने काढून टाकावीत आणि वरचा हिरवा भाग घालावा, असा विचार करून मी सकाळी एक भारा कापला आणि डोक्यावरून गोठ्यापर्यंत आणला. आमचा आणि दादाचा गोठा एकाच अंगणात, समोरासमोर होता. मी भाऱ्याची दोरी सोडली आणि एक कवळ म्हशीपुढे टाकली. तिने मान खाली घातली.

"टाकू नको!"

दादा त्याच्या ओसरीवरून अनवाणी धावत आला. त्याच्या हातातील चहाची बशी अंगणात पडून फुटली. त्याने म्हशीच्या तोंडापुढून वैरण ओढून काढली, तिच्या जबड्यात अडकलेले पानसुद्धा बोट घालून बाहेर काढले आणि भाऱ्यास पायाने दूर लोटले.

"आत्ता नको," तो धापा टाकीत म्हणाला. "अजून पंधरा दिस जाऊ दे."

"पंधरा दिस?" मी विचारले. "काहून पंधरा?"

त्याने भारा पायाने आणखी मागे लोटला.

"दादा, पंधरा दिस कुणी सांगितले तुला?"

"दोन औषधं एकत्र व्हती. दुकानदार म्हणला, जनावराला लवकर घालू नका." एवढे बोलून तो खाली बसला आणि वैरणीची सगळी पाने मुठीत गोळा करू लागला, जणू ती आवरून घेतली म्हणजे बोललेलेही आवरेल.

मला राग आला नाही. मी गव्हाणीस टेकलो.

"तू मारलं."

"अळी लई माजली व्हती, भान्या."

"मोजली तर कमी व्हती."

"तुहं मोजणं तुह्यापाशी! मला डोळ्यानं दिसत व्हतं. तुह्या वावरातून ती मह्याकडं सरकत व्हती. गेल्या साली मपला समदा मका गेला, ठाव हाये ना तुला? मग म्या काय करायचं? बसून पाहायचं?"

"तर मग तुह्या वावरात मारायचं."

त्याने मान वर केली. तो इतका चकित झाला होता की क्षणभर त्याचे भयही गेले.

"मह्या वावरात कसा मारीन? म्या भंडारा उचलला व्हता. मह्या वावरात थेंब पडू देणार नाही, असं देवापुढं बोललो व्हतो. आजपोतर पडू दिला नाही. जाऊन बघ. एक थेंब सापडला तर मला जोड्यानं मार."

"तुह्या वावराची शपथ मोडू नये म्हणून तू मह्या वावरात मारलं?"

"तुह्या वावराचा भंडारा तू उचलला व्हता. तू तर मारलं नाहीस. मग दोघांचीबी शपथ राहिली ना? देवाच्या दारात कुणी खोटं नाही."

तो हे मनापासून बोलत होता. माझ्या संपूर्ण आयुष्यात मी इतक्या प्रामाणिकपणे बोललेले असत्य ऐकले नाही.

"अन् ओट्यावर महा हात काहून धरला?" मी विचारले. "मी खरा व्हतो. मला उचलू द्यायचा व्हता."

"तू उचलला असता तर मग त्यांनी इचारलं असतं, भानुदासनं मारलं नाही तर मारलं कुणी? वावर तर शिवरामच्या भरवशावर व्हतं. मग ते ताट मह्यापुढं आलं असतं." त्याने हात जोडले. "मला खंडोबाची खोटी शपथ घ्यायला लावली असती का रे तू? या वयात?"

"अन् मला चोर ठरवलं ते चाललं?"

"शपथ तर नाही ना मोडली तुही. लोक काय, आज बोलतात, उद्या इसरतात. देव इसरत नाही."

म्हैस मान लांबवून त्याच्या मुठीतील वैरण हुंगू लागली. त्याने तिला हळूच मागे सारले, मायेने, कपाळावर हात ठेवून.

"तिच्यासाठी धावलास," मी म्हणालो.

"ती मुकी हाये, भान्या. तिला काय कळतंय."

"अन् मी?"

"तुला तोंड हाये," दादा म्हणाला. "तुला बोलता येत व्हतं."

मी तो भारा तसाच टाकला, गिरजास जनावरे बांधून ठेवण्यास सांगितले आणि थेट आसाराम काकांच्या वस्तीवर गेलो. मला तोंड होते, ते वापरावयाचे मी ठरविले होते. काका गोठ्यापुढे खाटेवर बसून दोरी वळीत होते. मी उभ्यानेच सर्व हकिकत सांगितली: दोन औषधे, दुकानदार, पंधरा दिवस. दादाचे नावही घेतले.

काकांनी दोरीचा पीळ बोटांत धरून ठेवला. ते दचकले नाहीत. माझ्या लक्षात येण्यास थोडा वेळ लागला.

"तुमाला ठाव व्हतं," मी म्हणालो.

"वढ्याच्या पलीकडून पाहिलं व्हतं म्या. तुह्या वावरात पंप पाठीला लावून चालला व्हता. तोंडाला फडकं व्हतं, पर चाल वळखू येतेच."

"मग त्या दिवशी बोलले काहून नाही?"

"कसा बोलू? डेअरीचा ट्रॅक्टर शिवरामच्या वावरातून निघतो. आतल्या वावरांना दुसरा रस्ता हाये का? त्याला गटाबाहेर काढला असता तर त्यानं वाट आडवली असती. समद्यांचा मका जागेवर सडला असता." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "म्हणून तर तुह्यापुढं ताट ठेवलं. तू भंडारा उचलला असता का गोष्ट तिथंच मिटवणार व्हतो म्या. कुणी मारलं, हे इचारूच देणार नव्हतो. तूच हात मागं घेतला. आता म्या काय करू?"

ओढ्याकडून वारा येत होता. त्यांच्या अंगणात दादाच्या वावरातून नुकताच आलेला हिरवागार मका कुट्टीसाठी रचून ठेवला होता.

"असं कर," काका मृदू आवाजात म्हणाले. "सोमवारी फेरीला ये. म्या सांगतो कडुबाला अन् समद्यांना, झालं गेलं सोडून द्या म्हणून. माणूस चांगला हाये, म्हणतो. पुढच्या हंगामात तुहा मका गटात घेऊ."

"पर मी केलंच नाही, काका. ते सांगा ना त्यांना."

"तेच म्हणतोय म्या. सोडून द्या म्हणून सांगतो." त्यांनी पुन्हा दोरी वळायला घेतली. "शिवरामचं नाव मात्र तू पुन्हा कुठं काढू नको. तुह्या भावाचं नाव हाये ते."

घरी आलो तेव्हा अंगण झाडलेले होते. फुटलेली बशी कोणी तरी उचलली होती. समोरच्या ओसरीवर दादा नव्हता. त्याचे दार लोटलेले होते. गिरजा उंबऱ्यात उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी पायऱ्यांवर बसलो.

"काय म्हणले काका?"

"सोमवारी फेरीला बोलावलं हाये."

तिने पदराने डोळे पुसले. कित्येक दिवसांनी ती हसली. "बघा! म्या म्हणत व्हते ना, खरं लपत नसतं. मंग आळ गेला म्हणा की तुमच्यावरचा."

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी मला माफ केलं."